शंखशिंपल्यांची बालवाडी

रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ साली मारिया माँटेसरींनी पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांतला एक लाकडी ठोकळा आजही जगभर वापरात आहे. त्यात दहा खाचा आणि त्यांत बसणाऱ्या, कमीजास्त मापाच्या दहा दट्ट्या. प्रत्येक दट्टीला वर इवलीशी मूठ. ती अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्या चिमटीतच धरावी लागते. दट्टी चुकीच्या खाचेत गेली, तर शेवटी एक उरतेच. मोठ्यांनी बोलायची गरज पडत नाही. खेळता खेळता पेन्सिल धरणारी तीन बोटे तयार होतात.

साधन उत्तम, पण काटेकोर मापाचे, म्हणून महागडे.

भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. तिथे माँटेसरी पद्धत भारतीय मातीत रुजू लागली. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करू लागल्या. याच कामातून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई दादरला आल्या, शहरी मुलांत रमल्या. पण खेड्यातल्या मुलाचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आधी अंघोळ, वेणीफणी, मग खेळ. साधने आसपासचीच: शिंपले, खडे, पाने, बिया, काड्या, माती. शिंपले लहानमोठे लावायचे, खडबडीत आणि गुळगुळीत खडे वेगळे करायचे, बिया निवडायच्या, मातीचे गोळे वळायचे. माँटेसरींच्या साधनात एका वेळी एकच गुण वेगळा काढलेला असतो. शिंपल्यात रंग, आकार, पोत सगळे एकत्र येते. शास्त्राच्या काटेकोरपणात इथे थोडी तडजोड झाली खरी, पण मुलाच्या हाती त्याच्या ओळखीची वस्तू आली. गरिबाच्या मुलाला बालशिक्षणाचे दार त्यामुळेच उघडले.

१९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात गेले. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि अंगणात भरणारी ही बालवाडी पुढे अंगणवाडी म्हणून देशभर पोचली.

आज दोन वर्षांच्या मुलासाठी स्पर्शाच्या खेळांचे संच खोक्यातून विकत मिळतात. ते घेण्याआधी आईबापांनी बोर्डीची आठवण ठेवून कणकेचा गोळा, ओली माती, वाटीतून वाटीत ओतायला पाणी एवढे तरी देऊन पाहावे. चिंचोके, मणी मात्र तीन वर्षांखालच्या मुलाजवळ ठेवू नयेत; घशात अडकतात.