वडाळा मिशनचं कीर्तन

आमच्या कोल्हारच्या पुलाखालून वाहणारी प्रवरा बेलापूर करत नेवाशाला जाते आणि पुढे टोक्याला गोदावरीत मिळते. नेवाशाचं नाव निघालं की आम्हा मास्तर मंडळींना पैसाचा खांब आठवतो, ज्ञानेश्वरीचं शके 1212 आठवतं. मीही वर्गात जन्मभर तेच सांगत आलो. पण त्याच तालुक्यात, नगर–संभाजीनगर रस्त्यावर, वडाळा बहिरोबाला लागून वडाळा मिशन आहे. या एवढ्याशा वस्तीचं नाव आमच्या पाठ्यपुस्तकात कधी आलं नाही. माझ्या मते मराठी कीर्तनाचा इतिहास तिला वगळून पुरा होत नाही.

हे मिशन ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या अमेरिकन मराठी मिशनचं. त्याची माणसं मुंबईत 1813 पासून होती. 1831 साली ती नगरला आली. त्यांनी शाळा काढल्या, 1842 साली नगरातूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. ब्राह्मणांतले हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक असे मोजके लोक बाप्तिस्मा घेऊन पुढे पाळक झाले. (1940 साली पडद्यावर ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक हे नगरच्या ख्रिस्ती मोडकांपैकीच. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशाच्या जिल्ह्याला हे शोभूनच दिसतं.) खेड्यापाड्यांतून मात्र लोक आले ते महारवाड्यांतले. 1854–55 च्या सुमारास अमेरिकेहून मिशनचं शिष्टमंडळ पाहणीला आलं. त्याचा सल्ला असा, की इंग्रजी शाळांचा पसारा आवरा, खेड्यात मराठीतून काम करा, तिथल्याच माणसांना पाळक करा. यानंतर 1857 साली सॅम्युएल फेअरबँकसाहेब वडाळ्याला बिऱ्हाड करून राहिले.

मिशनचे अहवाल साहेबांनी लिहिले, त्यामुळे कथेत साहेबच पुढे दिसतात. धोका पत्करला तो महारवाड्यातल्या माणसाने. बाप्तिस्मा झाला की गावकी उभी राही: देवीच्या जत्रेचं काम करणार का? मेलेलं ढोर ओढणार का? नाही म्हटलं की खळ्यावरचं बलुतं बंद. वेसकरकीचा हक्क, सुगीला मिळणारी पेंढी, सणाची भाकरी, सगळं पणाला लागे. वर घरात भाऊबंदांचा अबोला. आणि मिशनच्या आत तरी जात कुठे सुटली होती? महारांतून आलेले आणि मांगांतून आलेले एका पंगतीला बसताना कुरबुरी होतच. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

या माणसांना व्यासपीठावरून वाचलेलं प्रवचन कितीसं पचणार? दिवसभर राबून आलेला माणूस दहाव्या मिनिटाला पेंगतो, याला मी स्वतः साक्षीदार आहे. माझे विद्यार्थी तर पाचव्या मिनिटालाच. 1860 च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी यावर तोड काढली. कृष्णराव सांगळे हे त्यांतले नावाजलेले कीर्तनकार. कीर्तनाचा सगळा जुना थाट त्यांनी तसाच ठेवला. मृदंग लागला, टाळकरी मागे उभे राहिले, पूर्वरंगात विषय मांडला, उत्तररंगात आख्यान. फक्त आख्यान बायबलातल्या उधळ्या पुत्राचं, नाहीतर योसेफाचं. साकी, दिंडी, ओवी, कटाव ही वृत्तं लोकांच्या कानात आधीच बसलेली. कथेत योसेफाला भाऊ विकतात तिथे महारवाड्यातल्या बाईला आपल्या भाऊबंदांची आठवण होत नसेल, असं कोण म्हणेल? फेअरबँकसाहेबांना या प्रकाराचं मोठं कौतुक होतं. परक्या सुरावर बसवलेली भाषांतरित गाणी आणि हे कीर्तन यांतला फरक त्यांनी ओळखला, हे मी त्यांचं मोठं काम मानतो. सांगळ्यांची पदं आजही ‘उपासना संगीत’ हातात घेऊन गायली जातात.

साहेबांना पाखरं, गोगलगायी आणि झाडाझुडपांचाही नाद होता. नगरभागातल्या आणि सह्याद्रीतल्या पक्ष्यांची त्यांची यादी 1876 साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापून आली. दक्षिणेत पळणीच्या डोंगरात राहणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ आहे ते त्यांच्यावरूनच. त्याच डोंगरातल्या कोडाईकनालला 1898 साली ते वारले. त्यांच्या मुलांनीही या जिल्ह्यात मिशनचं काम केलं.

पुढचं थोडक्यात. 1876 आणि 1899 च्या दुष्काळांत अनाथ मुलं मिशनच्या आश्रयाला आली, मंडळ्या वाढल्या. या मंडळ्या 1924 साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या, 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात.

राहिलं कागदांचं. साहेबांची पत्रं आणि अहवाल अमेरिकेतल्या ग्रंथालयांत जपून ठेवलेले आहेत. बलुतं सोडणाऱ्या आजोबा-पणजोबांचं बोलणं मात्र फारसं कुठे छापलेलं दिसत नाही; असलं तर ते नेवासा, राहुरी, श्रीरामपूर भागातल्या घरांतल्या ट्रंकांत आहे. जुनी पदांची वही, बाप्तिस्म्याचा दाखला, मास्तरकीची नेमणूक, ‘ज्ञानोदय’चे फाटके अंक असं काही तुमच्या घरी असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात नाहीतर अहमदनगर कॉलेजच्या ग्रंथालयात नेऊन दाखवा. तेवढं जमत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ असलेली पदं तरी मोबाइलवर त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवा.