रूटच्या पासवर्डापासून सुडूपर्यंत

युनिक्स प्रणालीत 'रूट' हे सर्वाधिकारी खाते असून त्याला कोणतीही फाइल वाचण्याची, बदलण्याची वा पुसण्याची मुभा असते. त्यामुळे एका संगणकाची देखभाल अनेकांकडे असली की त्या साऱ्यांना एकच पासवर्ड सांगून ठेवावा लागे. 1971च्या पहिल्या आवृत्तीतच असलेली 'एसयू' ही आज्ञा देऊन आणि तो पासवर्ड टंकून रूट होता येई, मात्र त्यानंतरचे प्रत्येक काम रूटच्याच नावावर पडे, आणि एखादी फाइल नाहीशी झाली तर ती नेमकी कोणी पुसली हे कळणे अवघड होई. शिवाय एक जण नोकरी सोडून गेला तरी पासवर्ड बदलून तो उरलेल्या सर्वांना नव्याने कळवणे भाग पडे.

या अडचणीवर 1980च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथे, न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात, बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडू' हा प्रोग्रॅम लिहिला. त्याला आधार होता डेनिस रिची यांनी शोधलेल्या 'सेटयूआयडी' या खुणेचा: ती ज्या प्रोग्रॅमवर असते तो कोणीही चालवला तरी आपल्या मालकाच्या अधिकाराने चालतो. पुढे कोलोरॅडो विद्यापीठात सुडूची वाढ झाली, 1991 मध्ये त्याच्या नियमांच्या फाइलला अधिक समर्थ रूप मिळाले, आणि 1994 पासून टॉड मिलर यांनी त्याची धुरा सांभाळली.

'सुडोअर्स' नावाच्या या फाइलीतील एकेका ओळीत कोणी, कोणत्या यंत्रावर, कोणाच्या अधिकाराने, कोणती आज्ञा चालवावी हे ठरते. युनिक्ससारख्याच लिनक्स प्रणालीवर डेटाबेससाठी असलेल्या 'पोस्टग्रेस' या सामायिक खात्याला त्यामुळे पासवर्ड ठेवण्याची गरजच उरत नाही. परवानगी असलेला माणूस स्वतःचा पासवर्ड देऊन त्या खात्याच्या नावे काम करतो, आणि लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, त्याचे नाव, टर्मिनल, डिरेक्टरी व दिलेली आज्ञा उमटते. सुडूचे खरे मोल या नोंदीत आहे. अधिकारांना घातलेली मर्यादा त्यामानाने कच्ची असते, कारण 'व्हीआय' हा संपादक रूटच्या अधिकाराने चालवू दिला की त्यातूनच शेल, म्हणजे आज्ञा देण्याची खिडकी, उघडता येते.

'उबुंटू' या लिनक्सच्या वितरणाने 2004 मध्ये रूटचा पासवर्ड मुळातच बंद ठेवून सगळा भार सुडूवर टाकला. मात्र 2011 मध्ये सुडूत शिरलेली एक चूक 2021 मध्ये उघडकीस आली, तेव्हा तिच्या आधारे यंत्रावरील कोणत्याही साध्या खात्याला रूट होता येत होते, हेही स्पष्ट झाले. रूट झालेला माणूस त्याच यंत्रावरील नोंदही पुसू शकतो. म्हणून सुडूचा लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवलाच पाहिजे.