प्राध्यापकाची साखर

करंजीच्या सारणातील साखरेशी एका अर्थशास्त्रज्ञाचाही संबंध आहे, हे सांगितले तर आमच्या घरातील मंडळी हसतील. पण तो आहे खरा!

प्रवरेच्या कालव्यांमुळे नगर जिल्ह्यात ऊस वाढला. परंतु गुळाचा भाव पडला की शेतकरी कर्जात बुडे. साखर कारखाने तर खाजगी मालकांचे. तेव्हा लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले. त्यांना येऊन मिळाले पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. १९३० साली स्थापन झालेल्या या संस्थेत ते शिकवीत, खेड्यापाड्यांची आर्थिक पाहणी करीत. नुसता सल्ला देऊन ते परतले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती. पण ते सहकारी कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले! मला हेच मोठे धाडस वाटते. ग्रंथातील चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते; येथे चुकले असते, तर गरीब कुणब्याची पुंजी बुडाली असती.

१९५०-५१ साली पहिले गळीत झाले. पुढे अशा कारखान्यांत राजकारण शिरले, ती कथा निराळी. दहाएक वर्षांनी गाडगीळ बाजूला झाले आणि त्यांच्या खुर्चीवर विखे पाटील बसले.