कोलकात्याची फुटबॉल लीग आणि सियालदहचा फलाट

१८९३ हे साल आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले आणि लोकमान्य टिळकांनी तो उचलून धरला, ते हे साल. आपण ज्या शहरात पोटापाण्यासाठी येऊन राहिलो, त्या कोलकात्यातही याच वर्षी एक संस्था जन्माला आली. तिचे नाव इंडियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजेच आय.एफ.ए. यंदाच्या स्मरणिकेत या संस्थेच्या लीगविषयी लिहावे असे वाटले. आपली मुले मोहन बागान की ईस्ट बंगाल यावरून शाळेत भांडून घरी येतात, पण या भांडणाचे मूळ आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

लीग सुरू झाली १८९८ साली. पहिले विजेतेपद ग्लॉस्टरशायर रेजिमेंटने मिळवले. लष्करी पलटणी आणि गोऱ्या साहेबांचे क्लब एवढ्यांचाच तो खेळ होता. भारतीय क्लबांना त्यात जागा नव्हती. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले होते. सामना पाहायला आसपासच्या जिल्ह्यांतून इतकी माणसे लोटली की खास गाड्या आणि बोटी सोडाव्या लागल्या. मागे उभ्या असलेल्यांना मैदान दिसत नव्हते, म्हणून गोलसंख्या पतंगांवरून कळवली जात होती असे सांगतात.

एवढा पराक्रम झाला तरी लीगचे दार लगेच उघडले नाही. १९१४ साली मोहन बागान आणि आर्यन या दोन क्लबांना दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळाला. पुढे ते पहिल्या श्रेणीत चढले, पण तिथे भारतीय क्लब दोनच असावेत असा दंडक होता. तिसऱ्याने कितीही चांगला खेळ केला तरी त्याने खालीच राहायचे.

तो तिसरा म्हणजे ईस्ट बंगाल. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार कपात जोडाबागान क्लबचा मोहन बागानशी सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस या खेळाडूला वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी या गोष्टीवर रागावून बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी सहकाऱ्यांसह नवा क्लब काढला. पूर्व बंगालच्या माणसांना इथे हक्काचे काही असावे, ही त्यामागची भावना होती. १९२४ साली हा क्लब दुसऱ्या श्रेणीत संयुक्त विजेता ठरला आणि दोनाच्या दंडकाला येऊन अडला. बरीच खटपट झाली, दंडक मोडला आणि १९२५ साली ईस्ट बंगाल पहिल्या श्रेणीत खेळला. नंतर मोहम्मेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे लीग जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब.

आता आपल्या सियालदहकडे येऊ. १८६२ साली ईस्टर्न बेंगॉल रेल्वे इथून निघाली ती पूर्व बंगालच्या दिशेने. त्या बाजूचे विद्यार्थी, कारकून, व्यापारी सगळे याच स्टेशनात उतरत. फाळणीनंतर याच रुळांवरून निर्वासित आले. १९५० च्या दंगलींनंतर तर लोंढेच आले. कित्येक कुटुंबांनी सियालदहच्या फलाटांवर चूल मांडली आणि दिवसचे दिवस तिथेच काढले. पुढे ही माणसे जादवपूर, विजयगड आणि अशा इतर वसाहतींत स्थिरावली. घर गेले, जमीन गेली, गावाचे नाव दुसऱ्या देशात गेले. त्यांच्या प्रांताचे नाव मात्र मैदानावरच्या लाल-पिवळ्या क्लबाने राखले होते. सामन्याच्या दिवशी लोकलने सियालदहला यायचे आणि तिथून मैदानाकडे चालू पडायचे, हा त्यांचा परिपाठ झाला. ईस्ट बंगाल जिंकला की घरी इलिश मासा आणि मोहन बागान जिंकला की मोठी कोळंबी, ही रीतही इथलीच.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. निर्वासितांच्या या लाडक्या क्लबाला १९४९ साली लीग, शील्ड आणि आपल्या मुंबईचा रोव्हर्स कप अशी तिन्ही विजेतेपदे मिळाली. ती मिळवून देणाऱ्या पाच आघाडीच्या खेळाडूंना लोक 'पंचपांडव' म्हणत. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचांपैकी बंगाली एकही नव्हता, सगळे दक्षिणेकडचे. ज्यांचे घर नुकतेच परमुलखात गेले होते त्या माणसांनी परमुलखातून आलेल्या या पाच जणांना आपल्या घरचे मानले. विटा, खानापूर, आटपाडीकडून गलाईच्या धंद्यासाठी बहुबाजारात आलेल्या आपल्या बांधवांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल लीग सामन्यात प्रेक्षकांत मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जणांचा जीव गेला. तेव्हापासून हा दिवस फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळतात आणि त्या दिवशी रक्तदान शिबिर भरवतात. विसर्जन मिरवणुकीत दोरी धरून उभ्या राहणाऱ्या आपल्या स्वयंसेवकांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

२०२० सालापासून दोन्ही मोठे क्लब इंडियन सुपर लीगमध्ये खेळू लागले आणि कोलकाता लीगमध्ये बहुधा तरुण पोरांचे संघ उतरवू लागले. २०२१, २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ तीन वर्षे मोहम्मेडनने ही लीग जिंकली. अलीकडे स्थानिक मुलांना संधी मिळावी म्हणून ठरावीक संख्येने 'भूमिपुत्र' खेळाडू मैदानात असलेच पाहिजेत, असा नियमही आला. इंग्रजांचा दंडक इथल्या माणसाला बाहेर ठेवण्यासाठी होता, हा नियम त्याला आत आणण्यासाठी आहे, हा फरक मोठा आहे आणि हेतू चांगलाच आहे. तरीही पंचपांडव आठवले की मनात येते, जिथे जन्मलो ते गाव आपले, तसेच जिथे घाम गाळला तेही आपलेच की! या शब्दाची चर्चा आपण महाराष्ट्रात दुसऱ्या बाजूनेही ऐकलेली आहे. म्हणून तरी आपण तो जपून वापरावा.

२२ ऑगस्ट २०२५ पासून सियालदहहून एस्प्लनेडला जमिनीखालून मेट्रो जाऊ लागली आहे. तिथून मैदान हाकेच्या अंतरावर. वडीलधाऱ्यांना विनंती की, पावसाळ्यात एखाद्या दिवशी मुलांना घेऊन लीगचा सामना पाहायला जावे. मुलांनी कोणत्या क्लबाचा झेंडा घ्यायचा ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. ती इथेच जन्मली, इथेच वाढताहेत. त्यांचा मांडव आरतीला आपला आणि मैदान खेळायला या शहराचे, दोन्ही त्यांच्या हक्काची.

गणपती बाप्पा मोरया!