घोड्याचे तोंड आणि लगामाचे लोखंड

येरमाळा महाराष्ट्राला ठाऊक आहे ते येडेश्वरीच्या चैत्री यात्रेमुळे. हे गाव ज्या धाराशिव-नळदुर्ग मुलखात मोडते, तो मुलूख १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या हवाली केला होता. हैदराबाद कंटिंजंट या घोडदळ-पायदळाच्या फौजेचा खर्च थकला होता, हे त्याचे कारण. १८६० मध्ये मुलूख परत निजामाकडे गेला. अशा फौजांचा इतिहास लिहिताना तलवारी आणि तोफा मोजल्या जातात, घोड्याच्या तोंडातले वीतभर लोखंड मात्र कोणी पाहत नाही.

अमरकोशात त्याला 'कविका' आणि 'खलीन' असे दोन शब्द आहेत. त्यातला 'खलीन' ग्रीक 'खालिनोस'वरून आला, असे अभ्यासक मानतात. शब्द पाहुणा असला तरी रीत इथलीच होती. सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या आधारे एरियन लिहितो, की हिंदी लोक घोड्याच्या मुसकटाभोवती कच्च्या चामड्याचा पट्टा शिवून घालतात आणि त्याला आतून कांस्याचे किंवा लोखंडाचे काटे बसवतात. श्रीमंतांचे काटे हस्तिदंती! ग्रीकांनी यावर नाक मुरडण्याचे कारण नव्हते, कारण त्यांचा झेनोफोनही दोन लगाम बाळगायला सांगतो: एक गुळगुळीत, दुसरा काटेरी चकत्यांचा.

पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याची हिरडी मोकळी असते. हाडावर पातळ कातडे, एवढेच. लगामाचे लोखंड नेमके तिथे बसते. 'स्नॅफल' या साध्या लगामात दोर थेट तोंडाशेजारच्या कड्यांना बांधतात, त्यामुळे हाताची ओढ असेल तेवढीच तोंडाला पोचते. लांब दांड्यांच्या लगामात तरफेने ती वाढते. स्नॅफलमध्येही प्रकार आहेत. मधे एकच सांधा असला, की ओढताच तो अडकित्त्यासारखा मिटतो आणि जीभ चिमटीत सापडते. दोन सांधे आणि मधे छोटा तुकडा असला, तर दाब वाटला जातो. सैल गोल कडीत ओठाचा कोपरा चिमटू शकतो, अंडाकृती कडीत तो धोका कमी. पिळाची सळई सर्वांत बोचरी. अर्थात, हात जड असेल तर गुळगुळीत लोखंडही छळतेच, आणि चांगल्या चाबूकस्वाराला हे सांगावे लागत नाही.

ओझ्याच्या जनावरांसाठी काटेरी लगाम वापरण्यास १९६५ च्या नियमांनी बंदी घातली. मराठ्यांच्या घोडदळात नाव कमावलेले भीमथडीचे तट्टू आज धनगरांच्या बिऱ्हाडामागून चालताना दिसते. पुष्कळदा त्याच्या तोंडात लोखंडच नसते, नुसती दोरीची मोहोरकी असते.