भूक ओळखणाऱ्या रमाबाई

दुष्काळ म्हणजे काय, हे आपल्या वऱ्हाडाला सांगावं लागत नाही. पंडिता रमाबाईंनाही ते पुस्तकातून कळलं नव्हतं. १८७४च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. रानातला पाला खाऊन त्यांनी दिवस काढले. पुढं १८८०मध्ये भाऊ आणि १८८२मध्ये नवरा गेला. पदरात लहानगी मनोरमा तेवढी उरली.

१८८३मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडं लोक रागावले. रमाबाई ढळल्या नाहीत आणि त्यांनी श्रद्धा नुसती प्रार्थनेपुरतीही ठेवली नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, निराधार मुलींना त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणलं. तिथं मुक्ती सदनात या मुली लिहायला-वाचायला, विणकाम, शेती, छपाई शिकल्या.

साध्या बायकांना कळेल असं बायबल हवं, म्हणून रमाबाई हिब्रू, ग्रीक शिकल्या आणि मराठी भाषांतराला बसल्या. १९२१मध्ये मनोरमाही गेली. तरी त्यांनी हातातलं काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या वारल्या.

धर्म ज्याचा त्याचा. पण ज्या भुकेनं त्यांचं घर नेलं, तिच्याच तोंडातून त्यांनी दुसऱ्यांच्या लेकी ओढून काढल्या. बायांनो, येत्या बैठकीत हप्त्याआधी एवढं विचारा: आपल्यातल्या कुणाची चूल थंड आहे का?