कराचीचे नारायण जगन्नाथ हायस्कूल

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती द्यावी, तर त्या पानासाठी आधीच चौघीजणींनी नावे दिलेली. मग शेजारच्या घरातील एक जुना दाखला आठवला आणि त्यावरच लिहावे असे ठरविले.

आपले उल्हासनगर कसे वसले हे येथील सिंधी भगिनींना मी सांगावयास नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकी मिळाल्या व १९४९ साली वस्तीला हे नाव मिळाले. आमच्या शेजारणीचे सासरे, ज्यांना सारी गल्ली दादा म्हणत असे, ते असेच सोळा वर्षांचे असताना कराचीहून बोटीने आले. लग्न होऊन मी या गल्लीत आले त्याच आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. मी मराठी असे कळताच पत्र्याच्या पेटीतून आपला शाळेचा दाखला काढून आणला व म्हणाले, "बेटी, नाव वाच. तुमचाच माणूस आहे." मी एकेक अक्षर लावून वाचले, नारायण जगन्नाथ हायस्कूल, कराची. मला वाटले, दादा थट्टा करतात. कराचीत नारायण जगन्नाथ कोठून येणार?

दादा २०१९ साली वारले. त्यानंतर मात्र मला ते नाव स्वस्थ बसू देईना. मुलीच्या मदतीने जे वाचावयास मिळाले, त्यातून ही हकीकत जुळविली आहे.

इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला. तेव्हापासून १९३६ पर्यंत कराचीचा कारभार मुंबईहून चालत असे. म्हणजे रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद, तशीच कराची. साहजिकच कोकणातली आणि देशावरची मंडळी नोकरीनिमित्त तिकडे जाऊन राहिली. कराची तेव्हा समुद्रकाठचे लहानसे गाव होते. बंदर वाढू लागले तशी वस्ती वाढली आणि कारकून लागू लागले. कारकून हवेत तर शाळा हवी. सर बार्टल फ्रिअर हे सिंधचे कमिशनर असताना, १८५५ च्या ऑक्टोबरात, कराचीत सरकारी शाळा निघाली. सिंधमधील ही पहिली सरकारी शाळा. पहिल्या दिवसांत मुले होती ६८. आजच्या हिशेबाने एका वर्गात दाटीवाटीने बसतील एवढीच!

नारायण जगन्नाथ वैद्य हे सिंधच्या शिक्षणखात्यात डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर होते. त्यांच्याकडे जे काम आले, ते मला शाळेपेक्षाही मोठे वाटते. सिंधी भाषा कोणत्या अक्षरांत लिहावी याबद्दल तेव्हा साहेबलोकांतही मोठा वाद होता. कोणी देवनागरी म्हणे, कोणी अरबी. शेवटी १८५३ साली अरबी वळणाची ५२ अक्षरे ठरली व सरकारी कामकाज त्यांत सुरू झाले. पण हिंदू व्यापारी आपल्या वह्या निराळ्याच लिपीत लिहीत. तिला वाणिको म्हणत, खुदाबादी असेही एक नाव आहे. या लिपीत कानामात्रा जवळजवळ लावीतच नसत. आपल्याकडे तसे असते तर काय झाले असते पाहा. 'काका', 'काकू' आणि 'केक' ही तिन्ही 'कक' अशीच लिहिली गेली असती. लिहिणाऱ्याला कळेल, पण दुसऱ्याने वाचावे कसे? ही लिपी नीट करून तिला स्वरचिन्हे देण्याचे काम मुंबई सरकारने १८६८ साली नारायणरावांवर सोपविले. एका मराठी माणसाने परक्या भाषेची अक्षरे लावून द्यावी, ही गोष्ट लहान नव्हे. मला तर मराठी पत्रातसुद्धा ऱ्हस्वदीर्घ विचारावे लागते.

त्या लिपीत शाळा निघाल्या, पुस्तकेही छापली गेली. तरी ती टिकली नाही. सरकारी नोकरी अरबी अक्षरांवर मिळे, आणि दुकानदाराला आपली जुनी मोडकी अक्षरेच सोयीची वाटत. नारायणरावांची मेहनत दोहोंच्या मध्ये सापडली. टिकली ती शाळा. पुढे तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

शाळेची दगडी इमारत बंदर रोडवर आहे. कराचीच्या मुलांना मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाची द्यावी लागे. कॉलेज तर तिकडे १८८७ पर्यंत नव्हतेच, तोपर्यंत पुढे शिकावयाचे तर बोटीने मुंबई गाठावयाची. पुढे १९३६ साली सिंध निराळा प्रांत झाला, पण विधानसभेला स्वतःची इमारत नव्हती. ती १९४२ साली तयार होईपर्यंत सभेचे कामकाज याच शाळेच्या इमारतीत चालले. तेव्हा आपण अगदी लहान होतो, तरी मोटारी पाहण्यासाठी फाटकाशी उभे राहत असू, असे दादा सांगत. त्या मोटारींचे वर्णन ते इतके लांबवीत की त्यांची सून आतून चहा थंड झाल्याची आठवण देई.

१९४८ च्या जानेवारीत कराचीत दंगल झाली आणि जे हिंदू थांबले होते त्यांतीलही बहुतेक निघाले. शहराच्या रस्त्यांची नावे पुढे बदलली. बंदर रोडचा एम. ए. जिना रोड झाला, एल्फिन्स्टन स्ट्रीटचा झैबुन्निसा स्ट्रीट, व्हिक्टोरिया रोडचा अब्दुल्ला हारून रोड. शाळेचे नाव मात्र कोणी बदलले नाही. अलीकडे ती 'अखुवत' या सेवाभावी संस्थेच्या देखरेखीखाली आली. तिला आता सगळे 'एनजेव्ही' म्हणतात. हे ऐकून मला आनंदही झाला आणि थोडे वाईटही वाटले. तीन इंग्रजी अक्षरांच्या मागे नारायणराव झाकले गेले आहेत. तिकडच्या मुलांना ते कोण हे कदाचित ठाऊक नसेल, पण आम्हांला तरी कोठे होते? इतकी वर्षे महाराष्ट्रात राहून त्यांचे नाव मी ऐकले ते एका सिंधी म्हाताऱ्याच्या तोंडून.

हे लिहिण्यापूर्वी दाखला पुन्हा पाहावा म्हणून शेजारणीकडे गेले. तिने पेटी उघडली. दाखल्याखाली दादांच्या वडिलांची लाल कापडात बांधलेली दुकानाची वही निघाली. ती त्याच वाणिको अक्षरांत, बिनकानामात्रेची, पानेच्या पाने भरलेली आहे. दादा शाळेत शिकले ती अक्षरे निराळी, त्यामुळे वडिलांची वही त्यांनाही कधी वाचता आली नाही. कराचीत कोणाकडून किती येणे राहिले, ते सारे त्यात असावे. शेजारीण म्हणाली, "ताई, तू एवढे शोधून काढलेस, हेही वाचणारा कोणी मिळतो का पाहा." आपल्या मंडळात कोणा भगिनीच्या घरी ती अक्षरे लागणारे वडीलधारे माणूस असेल, तर मला अवश्य कळवावे. मी वही घेऊन येईन.